घरचा गूळ आणि सौद्याचा गूळ: शेतातले बालपण व्यवसायाला नेमके काय देते?

शेतकरी घरात वाढलेल्या आणि सध्या शहरात नोकरी करणाऱ्या एका तरुणाने विचारलेल्या प्रश्नाचे हे उत्तर आहे. त्याला गावाकडचा नैसर्गिक गूळ, काकवी आणि तत्सम पदार्थांचा व्यवसाय सुरू करायचा आहे. आपले बालपण शेतात गेले ही गोष्ट या व्यवसायात खरोखर भांडवल ठरते की केवळ वेष्टनावर छापण्यापुरती कामाची असते, असे तो विचारतो. शिवाय ज्यांनी असा व्यवसाय केला त्यांना प्रेरणा कशातून मिळाली, हेही त्याला जाणून घ्यायचे आहे. मी करवीर तालुक्यातील पंचगंगाकाठच्या एका गावात वाढलो. घरचे गुऱ्हाळ होते, आणि गेली बरीच वर्षे हायड्रॉस ही रंग उजळवणारी रासायनिक पावडर न घालता केलेला गूळ, काकवी आणि गूळ पावडर विकणे हाच माझा व्यवसाय आहे. त्यामुळे हे उत्तर गुळापुरते आणि मुख्यतः कोल्हापूर भागापुरते आहे. लाकडी घाण्याच्या तेलाला किंवा हातसडीच्या तांदळाला यातले काही लागू पडेल, काही पडणार नाही.

बालपण उपयोगी पडते, पण ज्या रूपात ते हल्ली सांगितले जाते त्या रूपात नाही. नैसर्गिक पदार्थ विकणाऱ्या बहुतेकांच्या माहितीपत्रकात हिरवे शेत, आजीचा हात आणि मातीचा सुगंध यांचे वर्णन असते. त्यातले काही खोटे असते असे मी म्हणणार नाही. परंतु त्या वर्णनावरून आधण, म्हणजे एका वेळी कढईत उकळायला घेतलेला रस, कधी उतरवावे हे कळत नाही आणि पावसाळ्यात पाझरलेला गूळ परत आला तर काय करावे हेही कळत नाही. माझ्या बाबतीत या व्यवसायाचे बीज रम्य आठवणीत नव्हते, आमच्या घरातल्या एका विसंगतीत होते. आम्ही जो गूळ खात होतो तो विकत नव्हतो, आणि जो विकत होतो तो खात नव्हतो. लहानपणी यात कोणालाच काही वावगे वाटत नसे.

कोल्हापूर भागात गुऱ्हाळाचा हंगाम दसरा-दिवाळीच्या सुमारास सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. दिवाळीच्या पाडव्याला बाजार समितीत मुहूर्ताचा सौदा (गुळाचा लिलाव) निघतो. राजर्षी शाहू महाराजांनी 1895 मध्ये शाहूपुरी पेठ वसवून गुळाच्या व्यापाराला हक्काची जागा दिली, तेव्हापासून या शहराचे आणि गुळाचे नाते पक्के झाले. पुढे 2014 मध्ये कोल्हापूरच्या गुळाला भौगोलिक मानांकनही मिळाले. या बाजारातला मोठा गिऱ्हाईक पहिल्यापासून गुजरात. तिकडच्या मागणीत चव आणि टिकाऊपणा आहेच, पण सौद्यात प्रथम पाहिला जातो तो रंग. रव्याचा, म्हणजे गुळाच्या मोठ्या ढेपेचा, कोपरा फोडून व्यापारी आतला रंग आणि कणी पाहतो, आणि पिवळाधमक गूळ काळसर गुळापेक्षा क्विंटलमागे चांगला दर घेऊन जातो. अडत्याची पट्टी (विक्रीच्या हिशेबाची पावती) हातात पडली की घरात त्या आठवड्याचा हिशेब मांडला जाई, आणि दर का पडला याचे उत्तर बहुधा एकच असे: रंग आला नाही.

रंग आणण्याचा सोपा उपाय म्हणजे हायड्रॉस, अर्थात सोडियम हायड्रोसल्फाइट. ही पांढरी पावडर उकळत्या रसात टाकली की तपकिरी रंगद्रव्ये फिकी पडतात आणि गूळ पाहता पाहता उजळतो. गुळात राहणाऱ्या सल्फर डायऑक्साइडला अन्नसुरक्षेच्या नियमांत दहा लाखांत 70 भाग एवढी मर्यादा आहे. परंतु गुऱ्हाळावर पावडर तराजूने नव्हे, मुठीने पडते, हे ज्याने पाहिले आहे त्याला त्या मर्यादेची कहाणी वेगळी सांगावी लागत नाही. गंमत अशी की हा उजळपणा टिकत नाही. हवेच्या संपर्काने काही दिवसांतच गूळ पुन्हा काळवंडू लागतो. सौदा मात्र तोपर्यंत होऊन गेलेला असतो.

घरासाठी जे आधण धरले जाई त्यात ही पावडर कधीच पडली नाही. घरातली वडीलधारी बाई गुळव्याला, म्हणजे गूळ करणाऱ्या कारागिराला, सकाळीच बजावून ठेवी की आज दुपारचे आधण आपले आहे, त्यात काही घालू नका. तो गूळ गडद सोनेरी ते तपकिरी रंगाचा होई, त्याला खमंग वास असे, आणि वर्षभराच्या पुरणपोळ्या, तिळगूळ, बाळंतिणीचा डिंक-खोबऱ्याचा लाडू असे सगळे त्यावर निघे. पाहुण्यांना द्यायचा तोही हाच. विकण्यासाठी एक आणि घरासाठी एक, हा भेद आमच्याच घरात होता असे नाही. भाजीपाल्यापासून द्राक्षापर्यंत तो अनेक शेतकरी घरांत आहे. त्याचा दोष मी एकट्या शेतकऱ्याला देत नाही आणि एकट्या व्यापाऱ्यालाही देत नाही. बाजार ज्या गुणाचे पैसे देतो तोच गुण माल घेऊन येतो. परंतु पुढे नोकरीनिमित्त पुण्यात राहू लागल्यावर सहकारी माझ्या डब्यातला गूळ मागून खाऊ लागले आणि ‘हा कुठे मिळतो’ असे विचारू लागले, तेव्हा हा कुठेच मिळत नाही, कारण तो विकण्यासाठी केलाच जात नाही, असे उत्तर मला द्यावे लागले. घरच्या आधणाला बाजार मिळवून द्यायचा, एवढाच व्यवसायाचा विचार त्यातून उभा राहिला. आजही त्यात फारशी भर पडलेली नाही.

आता बालपणाने दिलेल्या कौशल्याविषयी लिहितो, कारण माझ्या मते खरे भांडवल तेथे आहे. चरकावर पिळलेला रस गाळून काहिलीत, म्हणजे मोठ्या पसरट कढईत, येतो तेव्हा तो राखट हिरवट असतो. त्याला चुन्याची निवळी देऊन आम्लता कमी करतात आणि रानभेंडीची झाडे ठेचून, पाण्यात चोळून काढलेला बुळबुळीत चीक त्यात सोडतात. रस तापू लागला की हा चीक त्यातला गाळ धरून वर आणतो आणि मळीचा जाड थर जमतो. तो थर योग्य वेळी काढणे ही पहिली परीक्षा असते. रस खळखळून उकळू लागला आणि मळी पुन्हा आत मिसळली, की मग कोणत्याही उपायाने तो गूळ स्वच्छ होत नाही. हायड्रॉस वापरणाऱ्याला येथे सूट मिळते, कारण मळी राहिली तरी पावडर रंग झाकून नेते. न वापरणाऱ्याला ही सूट नाही. रसायन टाळणे म्हणजे केवळ एक गोष्ट न घालणे, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात ती न घालण्यासाठी आधीची प्रत्येक पायरी अधिक काटेकोर करावी लागते.

पुढे अडीच-तीन तास जाळ चालतो. चुलवाणात, म्हणजे काहिलीखालच्या भट्टीत, चिपाड (रस काढून उरलेला उसाचा चोथा) किती आणि कोणत्या वेळी पडावे, हे गुळव्या काहिलीवरून ओरडून सांगत असतो. पाक घट्ट होऊ लागला की बुडबुड्यांचे रूप बदलते, आवाज बदलतो आणि वाफेचा वासही बदलतो. मग तो फळीच्या टोकाने थोडा पाक थंड पाण्यात सोडतो आणि बोटांनी त्याची गोळी करतो. गोळी मऊ असेल तर अजून वेळ आहे. गोळी वळते, पण दाबली की बसते, तर थोडाच वेळ आहे. आणि काहिलीच्या काठावर आपटल्यावर ती खणखणीत वाजली की काहील त्याच क्षणी उतरवायची. तापमापीवर हा क्षण साधारण 118 अंश सेल्सिअसला येतो, काकवी मात्र 105-106 अंशांनाच काढावी लागते. आम्ही तापमापी वापरतो आणि नव्या माणसाने ती वापरलीच पाहिजे. तरीही खाऱ्या जमिनीतला ऊस, शिळा ऊस किंवा पूर्ण पक्व न झालेला ऊस आला की 118 चा आकडा फसवतो, आणि तेव्हा निर्णय गोळीवर, वासावर आणि आवाजावरच घ्यावा लागतो. हे ज्ञान मी शिकण्याच्या हेतूने कधी शिकलो नाही. शाळा सुटल्यावर चिपाड पसरायला आणि गोळा करायला आम्ही मुले गुऱ्हाळावर असायचो, आणि गरम गुळाच्या आशेने काहिलीभोवती घुटमळताना ते कानात व नाकात बसले. आपले बालपण असे गेले असेल तर ते भांडवल आहे. आपण केवळ सुट्टीत गावी जात असाल, तर एखाद्या जुन्या गुळव्याला योग्य मजुरी देऊन एक पूर्ण हंगाम त्याच्याजवळ उभे राहणे हा पर्याय आहे, आणि तो कमी दर्जाचा नाही. असे गुळवे आता थोडे उरले आहेत. साखर कारखाने, मजुरांची टंचाई आणि गुळाचे बेभरवशाचे दर यांमुळे गुऱ्हाळे एकेक करून बंद पडत गेली आणि गुळव्यांची मुले दुसऱ्या कामाला लागली.

गुळाचा निम्मा निकाल मात्र काहिलीच्या आधी, शेतातच लागलेला असतो. उसाला युरियाचा मारा झाला असेल, विशेषतः उशिरापर्यंत, तर रसात नत्रयुक्त घटक वाढतात, गूळ काळपट होतो आणि नीट बसत नाही. पाण्याचा निचरा नसलेल्या, क्षार फुटलेल्या जमिनीतला गूळ खारट लागतो. नदीकाठच्या अनेक गावांत पाण्याच्या अतिवापराने अशा जमिनी तयार झाल्या आहेत. को 92005 हा वाण आमच्या भागात गुळासाठी नावाजलेला आहे, को 86032 म्हणजे नीरा हा सर्वत्र आढळतो आणि त्याचाही गूळ चांगला होतो. पण वाणापेक्षा पक्वता आणि ताजेपणा यांचा प्रभाव मी अधिक मानतो. तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत चरकात जायला हवा. तो जसजसा शिळा होतो तसतशी त्यातली साखर फुटून ग्लुकोज-फ्रुक्टोज वाढते, आणि असा गूळ पुढे हवेतले पाणी ओढून घेतो. याची फळे ऑगस्टमध्ये भोगावी लागतात, त्याविषयी पुढे लिहिले आहे. ऊस कोणाच्या रानातला आहे, त्याने शेवटचे खत कधी टाकले, त्याची विहीर खारी आहे का, ही माहिती शेतकऱ्याकडून पहिल्या भेटीत मिळत नसते. ती गावातल्या लोकांना ठाऊक असते आणि गावात वाढलेल्या माणसालाच सहज सांगितली जाते. बालपणाचा हा दुसरा उपयोग आहे आणि तो पहिल्याइतकाच मोठा आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण ग्राहकांचा आणि अनेक नव्या उद्योजकांचाही येथे घोटाळा होतो. हायड्रॉस न घातलेला गूळ म्हणजे सेंद्रिय गूळ नव्हे. रासायनिक खतांवर वाढलेल्या उसापासूनही हायड्रॉसविना उत्तम गूळ होऊ शकतो, आणि तो सेंद्रिय म्हणून विकणे ही फसवणूक आहे. सेंद्रिय म्हणायचे असेल तर राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाचे प्रमाणपत्र किंवा पीजीएस-इंडियाची सहभागी हमी लागते, आणि त्यासाठी जमिनीला साधारण दोन-तीन वर्षांच्या रूपांतरण काळातून जावे लागते. स्वतः पिकवून थेट ग्राहकाला विकणाऱ्या छोट्या उत्पादकाला प्रमाणपत्राच्या बाबतीत काही सवलत आहे, पण दुकानात किंवा ऑनलाइन दुसऱ्यामार्फत माल ठेवला की ती लागू होत नाही. ‘नैसर्गिक’ या दाव्यालाही 2018 च्या जाहिरात व दावेविषयक नियमांनी कुंपण घातले आहे: एकाच मूळ पदार्थापासून केलेला, वरून काहीही न मिसळलेला आणि खाण्यायोग्य करण्यापुरतीच प्रक्रिया झालेला पदार्थच तसा म्हणवता येतो. चुना आणि भेंडी ही प्रक्रियेची साधने आहेत, असा युक्तिवाद करता येतो, पण आम्ही तो करत बसत नाही. वेष्टनावर मोठे विशेषण न लावता गूळ कसा केला हे सरळ लिहितो.

त्यात एक बारकावा असा आहे की काहील उतू येऊ लागली की फेस बसवण्यासाठी तेलाचे काही थेंब टाकण्याची जुनी रीत आहे, आणि ते तेल बहुधा शेंगदाण्याचे असते. गावात याची कोणी दखलही घेत नाही. शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी असलेल्या माणसाला मात्र ही माहिती जीवनमरणाची आहे, आणि अन्नसुरक्षेच्या नियमांनुसार ॲलर्जीकारक घटकांत शेंगदाण्याचा समावेश आहे. आम्ही करडईचे तेल वापरतो आणि तेही वेष्टनावर नोंदवतो. लहानपणी जे डोळ्यांपुढे रोज घडत होते ते व्यवसायात आल्यावर अशा परक्या नजरेने पुन्हा एकदा तपासावे लागते.

परवान्यांविषयी थोडक्यात सांगतो. मी सुरुवात केली तेव्हा वार्षिक उलाढाल 12 लाखांच्या आत असलेल्यांना अन्नसुरक्षा प्राधिकरणाची साधी नोंदणी पुरत असे आणि त्यावर राज्य परवाना लागे. आपण सुरुवात करण्यापूर्वी त्या वेळची मर्यादा तपासून घ्यावी. 18 जुलै 2022 पासून पॅकबंद आणि लेबल लावलेल्या गुळावर 5 टक्के जीएसटी आहे, तो दरात धरावा. भौगोलिक मानांकनाचे नाव आणि चिन्ह वापरायचे असेल तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करून घ्यावी लागते. कोल्हापुरात गूळ केला म्हणून ते आपोआप मिळत नाही. यंत्रसामग्रीसाठी कर्ज घेणार असाल तर सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी 2020 मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या योजनेत प्रकल्प खर्चाच्या 35 टक्के, कमाल 10 लाख रुपयांपर्यंत, कर्जाशी जोडलेले अनुदान देण्यात आले. ती योजना चालू असल्याची खात्री जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालयात करावी. यातले काहीही अवघड नाही, फक्त कंटाळवाणे आहे.

साठवणुकीचा विषय मात्र विस्ताराने मांडतो, कारण या धंद्यातली बहुतेक दिवाळखोरी मला तेथे दिसली आहे. घरात गूळ वर्षभर टिकत असे, म्हणून तो टिकतोच असे आपण धरून चालतो. घरचा गूळ मोठ्या रव्याच्या रूपात, माळ्यावर, चुलीच्या धुराच्या उबेत, भाताच्या तुसात किंवा कापडात गुंडाळून ठेवलेला असे. तीस किलोच्या रव्याला आतल्या वजनाच्या मानाने पृष्ठभाग कमी असतो, त्यामुळे ओल वरच्या थरापुरती राहते. तोच गूळ अर्ध्या किलोच्या ढेपेत किंवा पावडरीत आला की पृष्ठभाग कित्येक पटींनी वाढतो, आणि हवेतली आर्द्रता सत्तर टक्क्यांच्या पुढे गेली की तो पाणी ओढू लागतो. कोल्हापूरच्या पावसाळ्यात तर ती आठवडेच्या आठवडे त्याहून वर असते. पावडरीचे दगड होतात, ढेपेला चिकट घाम फुटतो, मग आंबूस वास येतो आणि शेवटी बुरशी. कागदी, देखणी, ‘पर्यावरणस्नेही’ वेष्टने येथे निरुपयोगी ठरतात. आमच्या अनुभवाने पावडरीतली ओल दोन टक्क्यांच्या आसपास आणल्याशिवाय पॅकिंगला घेऊ नये, ओल रोखणाऱ्या बहुपदरी पाकिटातच ती भरावी, आणि वर्षाचे सगळे पॅकिंग शक्यतो फेब्रुवारी ते एप्रिल या कोरड्या महिन्यांत उरकावे. जून ते सप्टेंबर भट्टी बंद, पॅकिंगही बंद, फक्त विक्री. काकवीचा प्रश्न उलट आहे: ती पातळ राहिली तर आंबते आणि अधिक आटवली तर बाटलीच्या तळाशी साखरेचे खडे बसतात. खडे बसलेली काकवी खराब नसते, पण हे सांगणारे पत्रक बाटलीसोबत नसेल तर ती परत येते.

पैशाचे गणित आपण स्वतःच्या आकड्यांनी करावे, मी फक्त रीत दाखवतो. एक टन उसापासून सरासरी 100 ते 120 किलो गूळ निघतो. उसाचा दर टनाला 3,300 रुपये आणि उतारा 110 किलो धरला, तर एका किलो गुळात ऊसच 30 रुपयांचा असतो. त्यावर तोडणी, वाहतूक, गुऱ्हाळाची मजुरी, दुरुस्ती, पॅकिंग, तपासणी, कर, घरपोच पाठवण्याचा खर्च आणि दुकानदाराचे कमिशन चढते. शिवाय जे आधण मनासारखे उतरत नाही ते आपल्या नावाने विकता येत नाही. ते बाजार समितीत सौद्याला घालावे लागते आणि तेथे काळसर गुळाला मिळणारा दर पदरात घ्यावा लागतो. बाजारात 40-50 रुपयांचा गूळ असताना आपला 90-100 रुपयांना का, या प्रश्नाला ‘आमचे बालपण शेतात गेले’ हे उत्तर होऊ शकत नाही. प्रयोगशाळेचा अहवाल, आधणाचा क्रमांक आणि ऊस कोणत्या शिवारातला होता याची नोंद, एवढे दाखवता आले तर ग्राहक पुढच्या वर्षी पुन्हा येतो. स्वस्त गुळात साखर मिसळण्याचा प्रकार वाढल्यापासून हे दाखवण्याची गरज अधिकच वाढली आहे, कारण उसाचा दर वर आणि साखरेचा दर खाली असला की साखर वितळवून गूळ करणे हे ऊस गाळण्यापेक्षा स्वस्त पडते.

याच संदर्भात रंगाचा मुद्दा पुन्हा काढावा लागतो. पूर्वी पिवळा रंग म्हणजे चांगला गूळ, अशी समजूत होती. आता शहरांत काळा रंग म्हणजे नैसर्गिक गूळ, अशी समजूत झाली आहे, आणि बाजाराने तिलाही लगेच माल पुरवला. जास्त जाळलेला, मळी नीट न काढलेला, खाऱ्या जमिनीतला गूळ ‘केमिकल फ्री’ म्हणून दुप्पट दराने विकला जातो. चांगल्या पक्व उसाचा, नीट मळी काढलेला गूळ हायड्रॉसविना सुद्धा सोनेरी होतो. रंगावरून शुद्धता ठरत नाही, दोन्ही बाजूंनी नाही. चव खारट वा जळकट नसणे, पाण्यात विरघळल्यावर तळाशी गाळ न बसणे आणि सल्फर डायऑक्साइडची तपासणी, एवढ्यावर निर्णय करावा. ग्राहकाला हे समजावून सांगण्यात वेळ जातो, पण पहिल्या दोन-तीन हंगामांत विक्रीचे काम म्हणजे बव्हंशी हेच असते.

आरोग्याच्या दाव्यांपासून दूर राहावे, असे मी निक्षून सांगेन. गुळात लोह आणि इतर क्षार साखरेपेक्षा अधिक असतात हे खरे, पण त्याचा मोठा भाग साखरच आहे. मधुमेह्यांना गूळ चालतो असे सांगणारे विक्रेते पाहिले की मला संताप येतो. आमच्याकडे असा प्रश्न विचारणाऱ्याला आम्ही गूळ विकत नाही, डॉक्टरांना विचारा असे सांगतो.

नदीकाठी वाढलेल्या माणसाने आणखी एक हिशेब धरायला हवा. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा 2021 च्या जुलैमध्ये पंचगंगेच्या महापुराने काठचा ऊस दिवसेंदिवस पाण्याखाली राहिला. शेंडा बुडालेला ऊस कुजतो, वाचला तरी त्याच्या रसाची गोडी उतरते, कांड्यांना मुळे व डोळे फुटतात, आणि त्याचा गूळ नावाने विकण्याजोगा होत नाही. केवळ आपल्या गावच्या, आपल्या भावकीच्या उसावर धंदा उभा केला तर अशा एका वर्षात ग्राहकांना देण्यासाठी काहीच उरत नाही. म्हणून आम्ही पन्हाळा तालुक्यातील माळाच्या रानातले काही शेतकरी जोडून घेतले. तेथे उत्पादन एकरी कमी, पण निचरा चांगला आणि उसाची गोडी चांगली. घरच्या मंडळींना हे रुचले नव्हते, कारण आमच्या गावचा गूळ म्हणून ओळख मिळालेली असताना दुसऱ्या गावचा ऊस कशाला, असे त्यांचे म्हणणे होते. आम्ही वेष्टनावर शिवाराचे नाव बदलून लिहिले आणि ग्राहकांनी ते स्वीकारले.

आपल्याला सुरुवात करायची असेल तर नोकरी सोडून, कर्ज काढून, स्वतःचे गुऱ्हाळ उभारू नये. जानेवारी-फेब्रुवारीत ऊस पूर्ण पक्व असतो. त्या काळात एखाद्या चालू गुऱ्हाळावर पैसे मोजून आपली स्वतंत्र आधणे करून घ्यावीत. काहील, टाकी आणि पाक ओतायचा वाफा आदल्या आधणानंतर आपल्यासमोर धुऊन घ्यावा, नाहीतर आधीच्या हायड्रॉसचे अंश आपल्या गुळात येतील आणि अहवालात दिसतील. प्रत्येक आधणाचा नमुना वेगळा ठेवून प्रयोगशाळेत ओल, साखर, अविद्राव्य गाळ आणि सल्फर डायऑक्साइड तपासून घ्यावे. कोल्हापुरात ऊस आणि गुळाचे संशोधन करणारे कृषी विद्यापीठाचे केंद्र आहे, तेथील मंडळींचा सल्ला मोलाचा असतो. थोडा माल ओळखीत विकावा, पण निम्मा जाणूनबुजून राखून ठेवावा, आणि तो वेगवेगळ्या वेष्टनांत, शहरातल्या घरात, पावसाळाभर तसाच ठेवून ऑगस्टच्या अखेरीस उघडून पाहावा. कोणत्या आधणाचा, कोणत्या वेष्टनातला गूळ तेव्हाही खाण्याजोगा राहिला ते लिहून ठेवावे आणि पुढच्या हंगामाचा ऊस, गुळव्या, पाकीट व दर त्या नोंदीवरून ठरवावेत. त्याआधी नाव, बोधचिन्ह आणि संकेतस्थळ यांवर खर्च करू नये.